गव्हाच्या एकवीस जोड्या

बियांवर क्ष-किरण सोडले तर पुढे संततीत काय काय बिघडते, याचा छडा लुईस स्टॅडलर १९२०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात लावत होते. सातूने त्यांना भरभरून दिले. किरणे खाल्लेल्या सातूच्या वंशात पांढरीफटक रोपे निघाली, पिवळी निघाली, खुरटी निघाली. मग पाळी गव्हाची आली. एककणी गहू, म्हणजे गव्हांतला सर्वांत साधा, तो सातूसारखाच वागला. ज्याचा रवा आणि शेवया होतात त्या कठीण गव्हात बिघाड फार थोडे दिसले. पोळीचा गहू मात्र ढिम्म हलला नाही. किरणे देऊनही वाफ्यांत सगळी रोपे आपली हिरवीगार. १९२९ साली स्टॅडलर यांनी हा निकाल छापला: गुणसूत्रे जितकी जास्त, तितके डोळ्यांना दिसणारे बिघाड कमी.

गव्हाचे सगळे दुखणे या निकालात आले होते. पोळीच्या गव्हाच्या पेशीत ४२ गुणसूत्रे असतात, म्हणजे २१ जोड्या. पण त्या एकमेकींना परक्या नाहीत. सात-सात जोड्यांचे तीन संच एकाच पेशीत नांदतात आणि तिन्ही संच नात्याने चुलतभाऊ. एका संचातले जनुक क्ष-किरणांनी जायबंदी केले, तरी बाकीच्या दोन संचांतले भाऊबंद त्याचे काम उरकून टाकतात. रोपाला काही जाणवत नाही आणि पाहणाऱ्याला काही दिसत नाही. जनुकशास्त्राची त्या काळची सारी मदार तर बिघाडावर. फळमाशीचा लाल डोळा पांढरा झाला, म्हणून त्या रंगाचे जनुक कोणत्या गुणसूत्रावर बसते ते कळले. जे पीक बिघडतच नाही त्याचा नकाशा काढायचा कसा? मक्याचा आणि सातूचा नकाशा १९३०च्या दशकात आकार घेत होता. गव्हाचा कागद कोराच होता.

खरे तर ४२ हा आकडासुद्धा तेव्हा फार जुना नव्हता. १९१८ साली जपानमधल्या होक्काइदोत तेत्सु साकामुरा यांनी निरनिराळ्या गव्हांची गुणसूत्रे नीट मोजून १४, २८ आणि ४२ अशी चढती पायरी दाखवली. त्याआधीच्या मोजण्या चुकलेल्या होत्या. साकामुरा पुढे परदेशी गेले आणि त्यांनी केलेल्या संकरांचे बियाणे हितोशी किहारा या तरुणाच्या हाती आले. ते काम किहारांनी आयुष्यभर सोडले नाही.

२८ गुणसूत्रांच्या गव्हाचा ४२ गुणसूत्रांच्या गव्हाशी संकर केला की संततीत ३५ येतात. परागकण तयार होण्याच्या आधी प्रत्येक गुणसूत्र आपला जोडीदार शोधून त्याला बिलगते. नेमकी ती वेळ साधायची. पोटरीतली कोवळी ओंबी सोलायची, त्यातला परागकोश काचपट्टीवर ठेवून त्याला रंग द्यायचा, वरून दुसरी काच दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. किहारांना दिसल्या त्या १४ जुळलेल्या जोड्या, आणि त्यांच्या आजूबाजूला भरकटलेली ७ एकटी गुणसूत्रे. म्हणजे २८वाल्या गव्हातले दोन्ही संच ४२वाल्यातही आहेत; वरचा सातांचा तिसरा संच कुठून तरी बाहेरून आला आहे. पहिल्या दोघांना ‘ए’ आणि ‘बी’ ही नावे मिळाली, तिसऱ्याला ‘डी’. (मधला ‘सी’ गव्हाच्या गोतावळ्यातल्या दुसऱ्याच एका रानगवताकडे गेला.) सजीवाला जगायला लागणारा गुणसूत्रांचा पुरा संच म्हणजे जीनोम, ही कल्पना किहारांनी १९३०च्या सुमारास या कामातूनच पक्की केली.  

डी-संचाचा मालक कोण, हे सापडले ते १९४४ साली, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी. जपानमध्ये किहारांनी, आणि अमेरिकेत एडगर मॅकफॅडन आणि अर्नेस्ट सीअर्स या दोघांनी. दोन्ही देश तेव्हा एकमेकांवर बाँब टाकत होते, त्यामुळे एकाच्या शोधाची दुसऱ्याला गंधवार्ताही नव्हती. उत्तर मात्र एकच निघाले: कॅस्पियन समुद्राच्या आसपास गव्हाच्या शेतांत तण म्हणून उगवणारे, एजिलॉप्स कुळातले एक रानगवत. मॅकफॅडन आणि सीअर्स यांनी एमर जातीच्या, म्हणजे २८ गुणसूत्रांच्या गव्हाचा या गवताशी संकर केला, कोल्चिसीन हे रसायन वापरून गुणसूत्रे दुप्पट केली, आणि ४२ गुणसूत्रांचा गहू त्यांच्या हातात आला. दिसायला तो युरोपातल्या जुन्या स्पेल्ट गव्हासारखा होता. साधारण आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कुणा शेतकऱ्याच्या वावरात आपसूक घडलेला संकर त्यांनी पुन्हा घडवून आणला होता.

यातला सीअर्स हा माणूस या गोष्टीचा नायक. १९३६ साली स्टॅडलर यांनीच त्याला मिसुरीला बोलावून घेतले.  सीअर्स यांना काम मिळाले ते गव्हाचे, म्हणजे ज्यापुढे स्टॅडलर यांच्या क्ष-किरणांनी हात टेकले होते ते. १९३९ साली चायनीज स्प्रिंग नावाच्या वाणाचा राय या धान्याशी संकर करताना सीअर्स यांना निम्म्याच, म्हणजे २१ गुणसूत्रांची काही रोपे मिळाली. जोडीदारच नसल्याने अशा रोपांत गुणसूत्रांची वाटणी बेशिस्त होते. त्यांतल्या एकाला साध्या गव्हाचे पराग दिले तेव्हा पुढच्या पिढीत एखादे गुणसूत्र कमी असलेली रोपे निघाली. आणि ती जगली! ४२ऐवजी ४१ गुणसूत्रे, आणि तरी रोप उभे. इतकेच काय, अख्खी जोडी गायब असलेली, ४० गुणसूत्रांची रोपेही तग धरत होती. सातूची किंवा माणसाची गत विचारूच नका. त्यांच्यात असे झाले तर जीवच उभा राहत नाही.

गव्हाचा हा तिहेरी सांभाळ स्टॅडलर यांच्या आड आला होता. सीअर्स यांनी त्यालाच हत्यार केले. गव्हाला एक अख्खी जोडी गमावणे परवडते, तर एकेक जोडी काढून टाकून पाहू या, काय हरवते ते. जनुक बिघडवता येत नसेल तर गुणसूत्रच गाळायचे.

बोलायला सोपे, करायला वर्षे लागली. २१ जोड्यांपैकी प्रत्येकीची उणीव असलेला स्वतंत्र वंश हवा होता. इथे सीअर्स यांना नशिबाने साथ दिली. बी-संचातल्या एका गुणसूत्राची, म्हणजे पुढे ज्याला ३बी हे नाव मिळाले त्याची जोडी नसलेल्या रोपात उरलेल्या जोड्याही धड जुळत नाहीत, असे त्यांच्या लक्षात आले. मग अशा रोपाच्या संततीत कधी हे गुणसूत्र गळते, कधी ते. बहुतेक उणे वंश त्या एका बिघडलेल्या रोपाच्या वंशातून निघाले. प्रत्येक पिढीत बी रुजवायचे, मुळाचे टोक कापायचे, गुणसूत्रे मोजायची, हवे ते रोप कुंडीत लावायचे, फुलातले पुंकेसर चिमट्याने उपटायचे, हव्या त्या रोपाचे पराग टाकायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवायची. मोजणीत एक चूक झाली की वंश भलत्याच वाटेला जाणार आणि ते कळायला दोन हंगाम जाणार. १९५४ साली मिसुरीच्या कृषी प्रयोग केंद्राने सीअर्स यांची पत्रिका काढली. तिच्यात २१ च्या २१ जोड्यांचे उणे वंश होते, शिवाय एखादे गुणसूत्र तीनदा किंवा चारदा असलेलेही.

मग सीअर्स यांनी एक सुरेख खेळ केला. एका गुणसूत्राची जोडी काढली की रोप कमजोर होते. त्याच्या जागी दुसऱ्या कोणत्या गुणसूत्राची जादा जोडी घातली तर ते सावरते, हे त्यांनी पद्धतशीर तपासले. काही जोड्यांनी भरपाई होत होती, काहींनी मुळीच होत नव्हती. जे एकमेकांची उणीव भरून काढतात ते भाऊ. या कसोटीने २१ गुणसूत्रे तिघा-तिघांच्या सात गटांत बसली: १ए, १बी, १डी, २ए, २बी, २डी असे करत ७डी पर्यंत. जनुकाचे एकही अक्षर वाचता येत नव्हते त्या काळात, केवळ रोपांची तब्येत पाहून केलेली ही मांडणी आज संपूर्ण जीनोम वाचल्यावरही टिकून आहे. मला विसाव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रात याच्या तोडीचे थोडेच काही दिसते.

एका जागी मात्र दुरुस्ती लागली. चौथ्या गटातले कोणते गुणसूत्र ए-संचाचे आणि कोणते बी-संचाचे, याची अदलाबदल झाली होती. १९८८ साली केंब्रिजला भरलेल्या आंतरराष्ट्रीय गहू जनुकशास्त्र परिषदेत ४ए आणि ४बी यांनी आपली नावे एकमेकांना देऊन टाकली. गोंधळाचे कारण पुढे उमगले: आज ज्याला ४ए म्हणतात ते फार मोडतोड झालेले गुणसूत्र आहे, त्यात पाचव्या आणि सातव्या गटाचे तुकडे येऊन बसले आहेत. १९६०च्या दशकात मेक्सिकोहून भारतात आलेल्या बुटक्या गव्हांनी हरितक्रांती घडवली. त्या बुटकेपणाच्या दोन जनुकांपैकी एकाचा पत्ता जुन्या शोधनिबंधांत ४ए असा दिसतो आणि नव्यांत ४बी. जनुक जागचे हललेले नाही, पाटी बदलली.

हे वंश सीअर्स यांनी कुलुपात ठेवले नाहीत. मागेल त्याला बियाण्याची पुडी. पत्नी लॉटी याही गुणसूत्रांच्याच अभ्यासक. दोघांनी मिळून पुढची कितीतरी वर्षे आणखी बारीक काम केले: मधोमध तुटून एकच बाहू उरलेले गुणसूत्र असलेले वंश त्यांनी जमवले. या अर्ध्या गुणसूत्रांची दोघांनी केलेली मांडणी १९७८ साली नवी दिल्लीत भरलेल्या परिषदेच्या इतिवृत्तात छापून आली. हे तेव्हा चोखंदळ संग्राहकाचे वेड वाटले असेल. त्याचा उपयोग पुढे येतो.

दरम्यान केंब्रिजमध्ये राल्फ रायली आणि व्हिक्टर चॅपमन यांना आणि मिसुरीत ओकामोटो आणि सीअर्स यांना १९५७-५८ च्या सुमारास एक कोडे उलगडले. इतके चुलतभाऊ एका पेशीत असताना १ए चुकूनही १बी ला कसा बिलगत नाही? पहारेकरी ५बी वर बसलेला निघाला. ५बी काढून टाकले की शिस्त मोडते आणि भाऊ भावाशी जुळतो. नुसता भाऊच नव्हे, रानगवताचे गुणसूत्रही गव्हाच्या गुणसूत्राशी जुळते. रानगवतांतले रोगप्रतिकारक गुण गव्हात आणायला ही एक वाट मिळाली. दुसरी वाट सीअर्स यांनी आधीच, १९५६ साली, काढली होती. एजिलॉप्समधला पानावरच्या तांबेऱ्याला रोखणारा तुकडा त्यांनी क्ष-किरणांनी तोडून गव्हाच्या गुणसूत्रात बसवला. स्टॅडलर यांच्या गव्हावर वाया गेलेल्या किरणांचे असे सार्थक झाले.

तांबेऱ्याचा विषय निघाला आहे तर खपलीकडे वळायला हवे, कारण या सगळ्या कथेत आपल्या मातीतला एक गहू नावानिशी हजर आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातला खपली गहू म्हणजे एमर: २८ गुणसूत्रे, ए आणि बी संच, डी नाही. मळणीत याचा दाणा टरफलातून सुटत नाही, कांडून काढावा लागतो, म्हणून तो पोळीच्या गव्हापुढे मागे पडला. सणासुदीच्या खिरीसाठी मात्र जुन्या घरांत दुसरा गहू चालत नाही. मळणीत दाणा मोकळा करणारे ‘क्यू’ नावाचे जनुक ५ए वर बसते. मोकळ्या गव्हांत ते बदललेले असते, खपलीत जुन्याच रूपात. २००६ साली जस्टिन फॅरिस, बिक्रम गिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ते वेगळे काढले.

पण खपली जगभर पोहोचली ती वेगळ्याच कामासाठी. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात एल्विन स्टॅकमन खोडावरच्या तांबेऱ्याचे वंश ओळखायची पद्धत बसवत होते. १९१६ साली या रोगाने अमेरिकेतला गहू धुऊन नेला होता. बुरशीचे वंश दिसायला सारखेच, म्हणून ओळख पटवायची ती गव्हाच्या प्रतिक्रियेवरून: ठरावीक १२ गव्हांच्या रोपट्यांवर बुरशी फवारायची आणि कोणाच्या पानावर किती मोठे फोड येतात ते शून्य ते चार अशा मापाने लिहायचे. स्टॅकमन आणि लेव्हीन यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या या बारा जणांच्या यादीत शेवटचे नाव होते खपली. जगातल्या तांबेरा-प्रयोगशाळांत दशकानुदशके हा मराठी शब्द रोजच्या वापरात राहिला, आणि त्याच्या रकान्यात बहुतेक वेळा शून्याजवळचाच आकडा पडत असे.

ऑस्ट्रेलियात वॉल्टर वॉटरहाऊस यांनी खपलीचा स्टाइनवेडेल या पोळीच्या गव्हाशी संकर करून ‘खॅपस्टाइन’ काढला. खपलीचे ‘खॅप’ आणि दुसऱ्याचे ‘स्टाइन’, अशी त्या नावाची बेरीज. कॅनडात डग्लस नॉट यांनी १९६२ साली खॅपस्टाइनच्या प्रतिकारामागे कोणकोणती जनुके आहेत ते सोडवले. त्यांतल्या ‘एसआर-१३’ ला १९७२ साली सिडनीच्या रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी ६ए वर जागा दिली. उणे वंशांशी संकर करून पाहायचे, कोणत्या संकरात गुणांचे प्रमाण नेहमीपेक्षा बिनसते ते हेरायचे: तंत्र सीअर्स यांचेच. खपलीचा हा गुण ६ए वर बसतो, एवढे कळले. त्या गुणसूत्रावर नेमका कुठे, ते कळायला पुढची पंचेचाळीस वर्षे लागली.

कारण उणे वंशांनी गाव सापडते, घर नाही. घर शोधायला जवळजवळच्या खुणा हव्यात. त्या १९८०च्या दशकात डीएनएच्या तुकड्यांच्या लांबीतल्या फरकांतून मिळू लागल्या. इंग्लंडमध्ये माइक गेल यांचा गट गव्हाच्या गुणसूत्रांवर अशा खुणा मांडत होता. आधी केंब्रिजला, आणि १९९० पासून नॉर्विचला. पुन्हा तेच दुखणे: एक खूण टाकली की ए, बी, डी अशा तीन जागी उमटायची. कोणती खूण कोणत्या भावाची हे ठरवायला पुन्हा सीअर्स यांच्याच पुड्या उघडायच्या, आणि २डी नसलेल्या रोपात जी उमटत नाही ती २डी वरची, असे म्हणायचे. या थकवून टाकणाऱ्या कामातून एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. तिन्ही भावांवर खुणांचा क्रम सारखा होताच, पण भाताच्या गुणसूत्रांवरही मोठमोठ्या पट्ट्यांत तोच क्रम होता. मक्यात, ज्वारीत, उसात, राळ्यातही. १९९५ साली ग्रॅहॅम मूर, कॅट्रिएन डेव्हॉस आणि गेल यांनी ही सगळी धान्ये एकात एक बसणाऱ्या वर्तुळांच्या एकाच चित्रात मांडली. भाताचे वर्तुळ सर्वांत आत, कारण त्याचा जीनोम सर्वांत लहान. बाजरी-ज्वारीवर काम करणाऱ्या माणसाला आता भातावरच्या शोधाकडे दुर्लक्ष करता येईना.

भाताचा जीनोम २००५ साली वाचून झाला. त्यात साधारण ३९ कोटी अक्षरे. माणसात सुमारे ३०० कोटी. गव्हात सुमारे १,६०० कोटी! आणि त्यातला ८५ टक्के भाग स्वतःच्याच नकला करत सुटलेल्या, एकसारख्या तुकड्यांचा. वाचनयंत्रे त्या काळी काहीशे अक्षरांचे तुकडेच वाचत, आणि मग संगणकाने ते जुळवायचे. एकाच पोथीच्या तीन हातांनी उतरवलेल्या प्रती आहेत, सुट्या पानांचे कपटे झाले आहेत, सगळे एका पोत्यात भरले आहेत, आणि बहुतेक कपट्यांवर एकच पालुपद लिहिलेले आहे. यातून तीन प्रती वेगळ्या लावायच्या! शहाणी माणसे म्हणत होती की गव्हाचा नाद सोडा, ब्रॅकिपोडियमसारखे एखादे छोटे गवत वाचा आणि त्यावरून अंदाज बांधा. ब्रॅकिपोडियम वाचलेही गेले, २०१० साली.

गव्हाचाच जीनोम हवा असा आग्रह धरला त्यांत अमेरिकेतल्या कॅन्सासचे गहू-शेतकरीही होते. २००५ साली शेतकरी, पैदासकार आणि शास्त्रज्ञ यांचा आंतरराष्ट्रीय संघ उभा राहिला. कारभार केली एव्हरसोल यांच्याकडे. वाट त्यांनी निवडली ती खास गव्हाची: सगळी पोथी एकदम नको, एकेक गुणसूत्र वेगळे काढून वाचायचे. आणि इथे चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स शहरातली यारोस्लाव्ह दोलेझेल यांची प्रयोगशाळा पुढे आली.

दोलेझेल यांचे काम हे असे. गव्हाचे बी रुजवायचे. कोवळ्या मुळांच्या टोकांतल्या पेशी रसायनाने एका ठेक्यात आणायच्या आणि गुणसूत्रे आखूड, घट्ट झालेली असतील नेमक्या त्या क्षणी थांबवायच्या. टोके कापून, वाटून, गुणसूत्रे पाण्यात मोकळी करायची आणि त्यांना चकाकणारा रंग द्यायचा. मग ते पाणी केसाएवढ्या बारीक धारेने लेसरसमोरून सोडायचे. प्रत्येक गुणसूत्र आपल्या आकाराप्रमाणे चमकते. हवी ती चमक दिसली की त्या थेंबाला विद्युतभार देऊन बाजूच्या नळीत वळवायचे. युक्ती उत्तम, पण गव्हात ती चालेना. २१ पैकी एकच गुणसूत्र इतरांपेक्षा ठळक मोठे होते, तेवढेच निवडता येत होते. बाकीच्यांचे आकार एकमेकांत मिसळलेले. ते एक म्हणजे ३बी. हो, तेच, ज्याच्या गैरहजेरीने सीअर्स यांना उणे वंश मिळवून दिले होते.

उरलेल्या वीस जणांचे काय? त्यांच्यासाठी अर्ध्या गुणसूत्रांचे वंश कामाला आले. ज्या वंशात एखाद्या गुणसूत्राचा फक्त एक बाहू असतो, त्यात तो बाहू बाकी सगळ्यांपेक्षा लहान असतो आणि लेसरला चटकन सापडतो. अर्नेस्ट आणि लॉटी सीअर्स यांनी लेसरची कल्पनाही नसताना जमवलेले वंश एकामागून एक ओलोमोउत्समध्ये रुजवले गेले आणि वीस गुणसूत्रांचे चाळीस बाहू नळ्यांत वेगळे झाले. अर्नेस्ट सीअर्स १९९१ सालीच वारले होते.

मग देशोदेशी वाटण्या झाल्या. ३बी फ्रान्सकडे, क्लेरमाँ-फेराँ इथे कॅथरीन फ्युए यांच्या गटाने २००८ साली त्याचा तुकड्यातुकड्यांचा नकाशा पुरा केला. भारताच्या वाट्याला २ए आले. ते लुधियानाचे पंजाब कृषी विद्यापीठ, दिल्लीचे वनस्पती जैवतंत्रज्ञान संशोधन केंद्र आणि दिल्ली विद्यापीठ या तिघांनी मिळून उचलले. काम रेंगाळत होते. मध्येच २०१० साली ब्रिटनमधल्या एका गटाने सगळा जीनोम एकदम विस्कटून वाचलेली अक्षरे खुली केली आणि गव्हाचा जीनोम वाचला असे मथळे वर्तमानपत्रांत झळकले. अक्षरे होती, पण कोणते कुठले याचा पत्ता नव्हता. काम अजून पुष्कळ उरले आहे, असा खुलासा संघाला करावा लागला.

२०१४ साली ३बी सलग वाचून झाले: सुमारे ७७ कोटी अक्षरे. एकटे हे गुणसूत्र भाताच्या अख्ख्या जीनोमच्या जवळपास दुप्पट! त्यावर पाच हजारांहून अधिक जनुके. बाकीच्यांचा कच्चा मसुदाही त्याच वेळी आला. आता याच चालीने आणखी वीस गुणसूत्रे म्हणजे किती वर्षे, या हिशेबाने सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडलेल्या असताना, एनआरजीन नावाच्या इस्रायली कंपनीच्या संगणकप्रणालीने संपूर्ण गव्हाचे कपटे एकदम जुळवून दाखवले. २०१६ च्या आरंभी ती घोषणा झाली तेव्हा दहा वर्षे एकेका बाहूशी झटणाऱ्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. पण मला त्यांची मेहनत वाया गेली असे वाटत नाही. संगणकाने लावलेले तुकडे बरोबर लागले की नाही, ए-भावाचा तुकडा बी-भावाकडे गेला की काय, हे पडताळायला त्यांनी बाहूवार बनवलेले नकाशेच हाताशी होते, आणि ते वापरलेही गेले. १७ ऑगस्ट २०१८ रोजी ‘सायन्स’मध्ये संहिता प्रसिद्ध झाली: २१ गुणसूत्रे, १,०७,८९१ जनुके, २० देशांतले २००हून अधिक शास्त्रज्ञ.

वाचलेला वाण अर्थातच चायनीज स्प्रिंग, चीनच्या सिचुआन प्रांतातला जुना गावठी गहू. शेतकऱ्याने लावावा असे त्यात काही नाही. उत्पन्न कमी, तांबेऱ्यापुढे लगेच मान टाकणारा. सीअर्स यांनी तो घेतला तो रायशी सहज संकर होतो म्हणून, आणि मग सगळे वंश त्यात असल्यामुळे जग त्याच्याशी बांधले गेले. त्यामुळेच १,०७,८९१ जनुकांच्या त्या यादीत खपलीचे एसआर-१३ तांबेऱ्याला अडवणाऱ्या रूपात सापडत नाही. ते वर्षभर आधी, २०१७ साली, कॅलिफोर्नियात जॉर्ज डुबकोव्स्की यांच्या गटाने कठीण गव्हातून वेगळे काढले. घाई होती, कारण १९९८ साली युगांडात सापडलेला ‘यूजी-९९’ हा तांबेऱ्याचा वंश जगातल्या बहुतेक गव्हांचा प्रतिकार मोडून पुढे सरकत होता, आणि एसआर-१३ त्याला अडवते; हवा तापली की अधिकच चांगले अडवते. एकाच वाणावर भागणार नाही हे ओळखून २०२० साली जगभरातल्या आणखी वाणांचे जीनोम जुळवून प्रसिद्ध झाले, आणि एका वाणात असलेली शेकडो जनुके दुसऱ्यात मुळातच नसतात हे दिसले.

एसआर-१३ वरही सारा भरवसा ठेवता येत नाही. इथिओपियात डेब्रे झाइट इथल्या चाचणीच्या शेतात त्याला न जुमानणारे तांबेऱ्याचे वंश आढळले आहेत. म्हणून पैदासकार आता ते एकटे घालत नाहीत. दोन-तीन प्रतिकारक जनुके एकाच वाणात बसवतात, आणि ती सगळी खरोखर आली का हे रोपाच्या कोवळ्या पानाच्या तुकड्यावरून, शेजारच्या डीएनए-खुणा पाहून ठरवतात. बुरशी फवारून हे कळत नाही, कारण एक जनुक असले तरी रोप निरोगी आणि तिन्ही असली तरी निरोगीच.